कानांनी लढलेले युद्ध

युद्धाचा इतिहास लिहिताना इतिहासकाराची दृष्टी साहजिकच रणांगणाकडे वळते. कोणी किती तोफा ओढून नेल्या, कोणती फळी कोठे मोडली, कोणता सेनापती धारातीर्थी पडला, यांची नोंद होते. परंतु लढणाऱ्या प्रत्येक सैन्याच्या पाठीशी दुसरे एक सैन्य उभे असते. ते लढत नाही, ऐकते. ते मारीत नाही, कळविते. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचा जो सर्वनाश झाला, त्याची वार्ता उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना सुमारे दहा दिवसांनी वाटेत मिळाली. आणि तीही कोणा सरदाराकडून नव्हे, तर सांकेतिक भाषेत लिहिलेल्या एका सावकारी पत्रातून. ते दहा दिवस आणि ती सांकेतिक भाषा यांत संदेशवहनाचे सारे मर्म साठविलेले आहे. वार्ता लवकर पोहोचावी आणि ज्याच्यासाठी ती आहे त्यालाच कळावी, या दोन गरजा भाल्याइतक्याच जुन्या आहेत.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत दहा दिवसांचे दहा क्षण झाले होते. परंतु वार्ता ऐकणारा कान मात्र माणसाचाच राहिला होता. त्या कानाच्या इतिहासाचा माग काढू लागले, तर एक वाट बंगलोर शहराच्या वायव्येला यशवंतपुराकडे जाते.

यशवंतपूर हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. बंगलोरही मराठी इतिहासाला परके नाही. सतराव्या शतकात ही शहाजीराजांची जहागीर होती. पुढे इंग्रजी अमदानीत पुण्याहून मिरज, बेळगाव, हुबळी, तुमकूर या वाटेने लोहमार्ग आला तो ‘सदर्न मराठा’ हे नाव धारण करूनच. आणि बंगलोरात शिरण्यापूर्वी त्याला यशवंतपूर लागे. त्या काळच्या स्थानकांत तारायंत्राची किल्ली टकटकत असे आणि तारमास्तर त्या टकटकीवरून पुढची गाडी कोठवर आली हे सांगत असे. यशवंतपुराजवळच जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेली विज्ञानसंस्था आहे. तेथून थोडे पुढे गेले की जलहळ्ळी लागते. महायुद्धाच्या काळात तेथे मोठी लष्करी छावणी व रुग्णालये उभी राहिली. शहराच्या दुसऱ्या अंगाला वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला होता. मद्रास, सिंहल आणि ब्रह्मदेश या तिन्ही दिशांना तोंड करून बसलेले हे थंड हवेचे शहर पाहता पाहता दक्षिणेचे लष्करी ठाणे बनले. आणि जेथे लष्कर आहे, तेथे बिनतारी संदेशक आलाच.

हा संदेशक जी भाषा बोलत असे, तिची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे. अमेरिकन चित्रकार सॅम्युएल मोर्स याने आपला सहकारी आल्फ्रेड व्हेल याच्या साहाय्याने १८३७ च्या सुमारास विद्युत्प्रवाहाच्या तुटक व लांब ठोक्यांची एक लिपी सिद्ध केली, आणि २४ मे १८४४ रोजी वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिला जाहीर संदेश गेला. पुढे जर्मनीतील गेर्के याने तिला दिलेले सुटसुटीत रूप १८६५ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाले, आणि ‘मोर्स’ ही सर्व जगाची तारभाषा झाली.

ही भाषा समजून घेण्यास मराठी माणसाला फार दूर जावयास नको. शाळेत ‘यमाताराजभानसलगा’ घोकताना लघू आणि गुरू यांची ओळख ज्याला झाली आहे, त्याला मोर्सचे तत्त्व निम्मे कळलेलेच असते. आपल्या छंदःशास्त्रात लघूची मात्रा एक आणि गुरूच्या दोन. मोर्समध्ये बिंदूची एक आणि रेषेच्या तीन. अक्षरातील दोन खुणांच्या मध्ये एका मात्रेची विश्रांती, दोन अक्षरांच्या मध्ये तीन मात्रांची, आणि दोन शब्दांच्या मध्ये सात मात्रांची. इंग्रजीत अतिशय वेळा येणाऱ्या ‘ई’ या अक्षराला केवळ एक बिंदू दिला आहे आणि ‘टी’ला केवळ एक रेषा, विरळ अक्षरांना लांब खुणा दिल्या आहेत. काटकसरीचे हे तत्त्व एखाद्या चोख हिशेबनीसाला शोभावे असे आहे.

मात्र खरा संदेशक बिंदू व रेषा मोजीत बसत नाही. तबल्याचा विद्यार्थी ज्याप्रमाणे बोल आधी मुखाने म्हणतो आणि मग हाताने वाजवितो, त्याचप्रमाणे मोर्स शिकणारा ‘डि-डाह’, ‘डाह-डि-डि-डिट’ असे म्हणत म्हणत अक्षराचा नाद कानात मुरवितो. मिनिटाला पाच-सहा शब्दांपर्यंत मोजदाद चालते. बारा-पंधरा शब्दांच्या पुढे ती कोसळते. त्यानंतर अक्षर हे चित्र राहत नाही, तो एक ध्वनी होतो. आणि अधिक सराव झाला की संपूर्ण शब्दच एका तुकड्याने कानावर येतो. पेन्सिल कागदावर एक शब्द लिहीत असते, तेव्हा कान दोन शब्द पुढे गेलेला असतो. हे कसब एकदा अंगी मुरले की सहसा जात नाही.

याहून नवलाची गोष्ट म्हणजे ‘हात’. दोन तबलजींचा ठेका एकच असला तरी जाणकाराला न पाहता वाजविणारा ओळखता येतो. संदेशकांचेही तसेच. कोणी रेषा किंचित ओढतो, कोणी बिंदू घाईने उडवितो, कोणी दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेतो. युद्धात दोन्ही पक्षांच्या श्रवणकेंद्रांनी शत्रूच्या संदेशकांचे असे ‘हात’ ओळखून ठेविले होते. नाव ठाऊक नाही, चेहरा ठाऊक नाही. परंतु काल उत्तरेकडे ऐकू आलेला हा माणूस आज दक्षिणेकडून वाजवितो आहे, म्हणजे त्याची पलटण हलली, एवढे अनुमान त्यावरून काढता येई. संदेशाचा एक शब्दही न उलगडता काढलेले हे अनुमान कधी कधी उलगडलेल्या संदेशाइतकेच मोलाचे ठरे.

हिंदुस्थानात तार आली ती १८५० च्या सुमारास, डॉ. ओशॉनेसी याच्या प्रयत्नाने. सैन्यात स्वतंत्र संदेशदल मात्र १५ फेब्रुवारी १९११ रोजी फत्तेगड येथे उभारले गेले. पुढे बिनतारीचे युग आले आणि १९२७ साली इंग्लंडशी थेट जोडणारी बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला व ग्रहण केंद्र दौंडला होते. लंडनहून निघालेला संदेश महाराष्ट्राच्या माळरानावर उतरत असे. सामान्य माणसाच्या लेखी मात्र ‘तार आली’ या शब्दांचा अर्थ बहुधा एकच असे. दाराशी तारवाला उभा राहिला की घरातील बायकांच्या काळजाचा ठोका चुकत असे.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि सरकारने पहिली गोष्ट केली ती हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने रद्द करण्याची. देशात अशा हौशी मंडळींची संख्या मूठभरच होती. परंतु आकाशात सरकारच्या आवाजाखेरीज दुसरा आवाज असू नये, हा त्यामागील हेतू होता. दुसऱ्या बाजूने सरकारला स्वतःला हजारो संदेशक हवे होते. जबलपूर येथे भूदलाच्या संदेशकांचे शिक्षण चाले, तर मुंबईत कुलाब्याला ‘तलवार’ या नावाच्या किनाऱ्यावरील ठाण्यात नौदलाचे संदेशक तयार होत. १९४२ मध्ये स्त्रियांचे साहाय्यक दल निघाले आणि संदेशवहनाच्या कचेऱ्यांतून स्त्रियाही काम करू लागल्या. या खात्याला बंदूक चालविणारा गडी नको होता. इंग्रजी लिहिता-वाचता येणारा, कान तीक्ष्ण असलेला, इंटरपर्यंत किंवा निदान मॅट्रिकपर्यंत शिकलेला तरुण हवा होता. या एका अटीने पुढे केवढा इतिहास घडविला, ते लवकरच दिसेल.

दिल्लीला आनंद पर्वतावर ‘वायरलेस एक्स्पेरिमेंटल सेंटर’ असे निरुपद्रवी नाव धारण केलेली एक संस्था होती. नावात प्रयोग होता, कामात हेरगिरी. इंग्लंडमधील ब्लेचली पार्क या विख्यात संकेतभेदन केंद्राची ती पूर्वेकडील शाखा. जपानी सैन्याचे बिनतारी संदेश टिपावेत आणि उलगडावेत हे तिचे कार्य. तिची दोन उपकेंद्रे होती. पूर्वेचे कलकत्त्याजवळ बराकपूरला आणि पश्चिमेचे बंगलोरला. येथील श्रवणकारांचे काम विलक्षण कष्टाचे होते. जपानी लोक आपल्या ‘काना’ अक्षरांसाठी मोर्सचीच, पण निराळी लिपी वापरीत. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांवर तयार झालेल्या कानाला पन्नासाच्या घरातील नव्या खुणा शिकाव्या लागत, आणि त्याही न समजणाऱ्या भाषेतल्या. ब्रह्मदेशातून येणारा क्षीण ध्वनी, पावसाळी विजांची खरखर, शेजारच्या लहरीवरील दुसऱ्या केंद्राची लुडबूड, आणि या सर्वांतून अर्थहीन अक्षरांचे गट न चुकता कागदावर उतरवावयाचे. एक अक्षर चुकले तर दिल्लीत बसलेल्या पंडिताची आठवड्याची मेहनत वाया जाण्याचा संभव.

या मेहनतीला फळ आले. १९४३ मध्ये जपानी भूदलाच्या जलवाहतुकीचा संकेत फुटला, आणि या यशात दिल्लीच्या केंद्रातील विल्फ्रिड नॉइस व मॉरिस ॲलन यांचा प्रमुख वाटा होता. हाच नॉइस १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेत साउथ कोलपर्यंत चढला होता. त्याचे नाव इतिहासात राहिले. परंतु ज्या कानांनी ती लक्षावधी अक्षरे टिपली, त्यांची नावे कोणत्याही शिखरावर कोरलेली नाहीत. आपण काय टिपले, त्याचा अर्थ काय होता, त्यामुळे कोणते जहाज बुडाले आणि कोणती पलटण वाचली, हे त्यांना कोणी सांगितले नाही. आणि जेवढे ठाऊक होते, तेही बोलण्याची मुभा नव्हती. ब्लेचली पार्कचे रहस्य जगाला १९७४ मध्ये उघडपणे कळले. तोवर तीस वर्षे उलटून गेली होती. घरी परतलेल्या संदेशकाला ‘लढाईत काय केलेत?’ असे कोणी विचारले, तर ‘कचेरीत होतो’ एवढेच उत्तर देता येई.

म्हैसूरच्या मातीशी नाते सांगणाऱ्या एका स्त्रीला मात्र इतिहासाने विसरू दिले नाही. टिपू सुलतानाच्या वंशातील नूर इनायत खान हिचे पणजोबा मौलाबक्ष हे सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यातील नामांकित गायक. वडील इनायत खान हे सूफी संगीतज्ञ. पॅरिसमध्ये वाढलेली, संगीत शिकलेली, मुलांसाठी जातककथा लिहिणारी ही मुलगी इंग्लंडच्या वायुदलात बिनतारी शिकली आणि जून १९४३ मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. फ्रान्समध्ये पाठविलेली ती पहिली स्त्री बिनतारी संदेशक. तिचा हात जड होता. किल्लीवर ती जोराने ठोके मारी आणि सहकारी त्यावरून तिची थट्टा करीत. परंतु काही दिवसांतच तिचे सहकारी पकडले गेले, परत येण्याची संधी चालून आली, तेव्हा तिने ती नाकारली. शत्रूची शोधक यंत्रे लहरीचा माग काढीत असताना, घरे बदलीत, काही मिनिटेच किल्ली वाजवीत, तिने ऑक्टोबरपर्यंत पॅरिसचा दुवा तुटू दिला नाही. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली. १९४९ मध्ये तिला जॉर्ज क्रॉस हा सन्मान मरणोत्तर मिळाला. ज्या घराण्याने सूर जपला, त्या घराण्यातील मुलीने शेवटी जपला तो एका किल्लीचा ठोका.

याच काळात मुंबईत त्याच आकाशाचा उपयोग उलट्या हेतूने चालला होता. ‘चले जाव’ ठरावानंतर उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवरून येणारा हा आवाज पोलिसांच्या शोधक गाड्यांना हुलकावणी देत जागा बदलीत राहिला आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पकडला गेला. येथे किल्ली नव्हती, वाणी होती. परंतु धोका तोच होता. पॅरिसमधील नूर आणि मुंबईतील उषाबेन या दोघींना एकमेकींचे नावही ठाऊक नव्हते. एक साम्राज्याच्या बाजूने हुकूमशाहीशी लढत होती, दुसरी साम्राज्याशीच. तरी दोघींचे शस्त्र एकच होते.

या दोन बाजूंचा पेच सर्वांत तीव्रतेने पडला तो संदेशकांच्याच मनात. ज्यांना शिकलेले म्हणून निवडले, ते वर्तमानपत्र वाचीत होते. ज्यांना ऐकण्यासाठी बसविले, ते साऱ्या जगाचे ऐकत होते. स्वातंत्र्यासाठी युद्ध आहे, हे त्यांनी रोज कानांनी टिपले आणि रोज डोळ्यांनी पाहिले की गोऱ्या संदेशकाचे वेतन निराळे, जेवण निराळे, वागणूक निराळी. २ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वर सरसेनापतींच्या भेटीच्या वेळी घोषणा रंगविल्याबद्दल बी. सी. दत्त या बिनतारी संदेशकास अटक झाली. १८ फेब्रुवारी रोजी तेथील खलाशांनी निकृष्ट अन्न नाकारून संप पुकारला. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग, दोघेही संदेशकच होते. आणि मग जे घडले ते केवळ संदेशकांनाच करता आले असते. नौदलाची बिनतारी त्यांच्याच हातात होती. किल्ल्या वाजू लागल्या आणि दोन दिवसांत मुंबईची वार्ता कराचीपर्यंत, दूरच्या बंदरांपर्यंत पोहोचली. सुमारे वीस हजार खलाशी आणि सत्तरांहून अधिक जहाजे संपात उतरली. सरदार पटेलांच्या सल्ल्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी शरणागती पत्करली. त्यापूर्वी मुंबईच्या रस्त्यांवर दोनशेहून अधिक नागरिक गोळीबारात मरण पावले होते. २७ फेब्रुवारीला जबलपूरच्या संदेशदलातील सुमारे सतराशे शिपायांनी काम बंद केले. लागोपाठ उठलेली ही दोन ठाणी संदेशकांच्याच शिक्षणाची असावीत, हा योगायोग नव्हे.

बडतर्फ झालेल्या खलाशांना स्वातंत्र्यानंतरही नौदलात परत घेतले गेले नाही. शिस्तीचा प्रश्न होता, हे खरे. परंतु कुलाब्याला त्या उठावाचे स्मारक उभे राहावयास अर्धशतक लोटावे लागले, हेही तितकेच खरे.

युद्ध सरले आणि संदेशक पांगले. कोणी डाकतार खात्यात गेला, कोणी रेल्वेत, कोणी पोलिसांच्या बिनतारी शाखेत, कोणी व्यापारी जहाजांवर. जलहळ्ळीची छावणी मात्र रिकामी राहिली नाही. तेथे १९४९ मध्ये वायुदलाचे तांत्रिक महाविद्यालय आले. १९५४ मध्ये तेथेच भारत इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९५६ पासून त्यात संदेशवहनाची यंत्रे तयार होऊ लागली, आणि १९६४ मध्ये नभोवाणीसाठी प्रक्षेपकही. एके काळी परकी यंत्रे कानाला लावून परक्यांसाठी ऐकणाऱ्यांच्या देशात, यशवंतपुराच्या पलीकडे, स्वतःच्या आवाजाची यंत्रे घडू लागली. स्वातंत्र्य या शब्दाचा हाही एक अर्थ आहे.

आणि घरी? ज्यांना युद्धाविषयी बोलता येत नव्हते, त्यांना मोर्सविषयी बोलता येत होते. संकेत गुप्त होता, लिपी उघडी होती. म्हणून अशा पुष्कळ घरांतून एक निराळीच परंपरा निर्माण झाली. मुलांच्या वाट्याला आजोबांचे मौन आले. नातवंडांच्या वाट्याला त्यांचे ठोके आले. जेवणाच्या पाटावर चमच्याने, भिंतीवर बोटांच्या पेरांनी, अंगणात बॅटरीच्या उजेडाने नाव वाजविण्याचा खेळ ज्यांनी शिकविला, त्यांनी प्रत्यक्षात आपल्या तारुण्याचा एवढाच भाग पुढच्या पिढीच्या हाती ठेविला. नातवाला तो खेळ वाटला. पण आजोबांच्या दृष्टीने तो उघडता येण्याजोगा एकमेव दरवाजा होता. त्यांतलीच काही मुले पुढे हौशी बिनतारीचा परवाना काढून रात्री-अपरात्री परदेशातील अनोळखी माणसाशी ठोक्यांनी बोलू लागली. १९३९ मध्ये सरकारने बंद केलेले आकाश त्यांच्यासाठी पुन्हा खुले झाले होते.

काळाने आपले काम केले आहे. १९९९ पासून जहाजांना आपत्काळी मोर्सची आवश्यकता उरली नाही. २००३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हौशी परवान्यासाठी मोर्सची सक्ती ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोपविली. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली, आणि शेवटच्या दिवशी आपल्याच माणसांना आठवणीची तार पाठविण्यासाठी कचेऱ्यांत गर्दी लोटली. तरीही हौशी मंडळींत मोर्स मेलेली नाही. याचे कारण केवळ जुन्याचे प्रेम नव्हे. जेथे वाणी खरखरीत बुडून जाते, तेथे एकच स्वर चालू-बंद करून पाठविलेला संदेश तरून जातो. अल्प शक्तीच्या यंत्रावर, साध्या तारेच्या आकाशकावर तो समुद्र ओलांडतो. यंत्र जितके साधे, तितका माणूस तयार हवा, एवढीच त्याची अट आहे.

पराक्रमाचे मोजमाप आपण आवाजावरून करतो, म्हणून गर्जणाऱ्यांचे पुतळे होतात आणि ऐकणारे विसरले जातात. परंतु महायुद्धातील या संदेशकांनी एक धडा मागे ठेविला आहे. ऐकणे ही निष्क्रिय गोष्ट नाही. ज्याने रात्रंदिवस खरखरीतून अर्थ वेचला, तोच एके सकाळी उठून अन्याय ओळखू शकला. आणि ज्याला बोलण्याची बंदी होती, तोही नातवाच्या तळहातावर बोट टेकवून काहीतरी सांगू शकला. बिंदू आणि रेषा यांच्याइतकेच त्यांच्यामधील मौनालाही मोर्समध्ये माप आहे. ते माप चुकले तर अक्षरे एकमेकांत मिसळतात आणि अर्थ हरवतो. त्या पिढीच्या मौनाचे माप घेण्याचे काम अद्याप इतिहासाकडे बाकी आहे.